हसबनीसांनी सुकवलेला मोगरा

एका जंगलात उन्हाळ्याची सुट्टी लागली.

जंगलाला सुट्टी कसली, असं विचारू नका मुलांनो. तुम्हाला लागते ना? मग त्यांनाही लागते. ओढ्याचं पाणी खडकांखाली जाऊन बसलं आणि वडाखालची सावलीसुद्धा गरम लागायला लागली, की त्या जंगलातले प्राणी बोचकी बांधायचे आणि वरच्या डोंगरावर थंड हवेत जायचे. तिथे ते काय करायचे? कड्याच्या टोकाशी उभे राहून खाली बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "ते बघ, आपलं घर दिसतंय."

कुमुदिनीबाई काटे मात्र कधीच जायच्या नाहीत.

कुमुदिनीबाई साळिंदर होत्या. त्यांच्या बिळाच्या दाराशी कुंड्या होत्या. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, गवती चहा आणि एक नाजूकसा नेचा. साळिंदर झाडांची मुळं खातात, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. बाईही खायच्या. पण परक्या झाडांची.

"झाडांचं कोण बघणार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. दिराच्या लग्नाला त्या याच वाक्यावर गेल्या नाहीत. नणंदेच्या डोहाळजेवणालाही नाही. त्यांचे यजमान त्र्यंबकराव यांना तर बाईंनी तोंड उघडायच्या आधीच ते वाक्य ऐकू यायचं. मग ते बोचकं सोडायचे आणि आतले कपडे पुन्हा दांडीवर टाकायचे.

पण त्या वर्षी डोंगरावरून त्यांच्या मुलीचा, रेवाचा फोन आला. हो, जंगलात फोन होते. वाघांपेक्षा टॉवर जास्त होते.

"आई, तुला नात झाली," रेवा म्हणाली. "आणि ऐक. तिचे काटे अजून मऊ आहेत. थोड्याच दिवसांत टोचायला लागतील. कुशीत घ्यायचं असेल तर आत्ताच ये."

कुमुदिनीबाईंनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा मोगऱ्याकडे. 

"झाडांचं कोण बघणार?" त्या म्हणाल्या. पण या वेळी तो खरोखरचा प्रश्न होता.

त्र्यंबकरावांनी आधी एक युक्ती सुचवली. पाण्याची बाटली घ्यायची, तिला बारीकसं भोक पाडायचं आणि कुंडीत उलटी खोचायची. थेंब थेंब पाणी जात राहतं.

"बाटलीनं पाजायला अनाथ आहेत का ती?" बाई म्हणाल्या. बाटली तिथेच संपली.

मग त्या वर्षी डोंगरावर न जाणाऱ्या शेजाऱ्यांचा विचार सुरू झाला. सांबरेकाकू आपणहून आल्या. त्या सांबरीण होत्या, मनानं फार चांगल्या. "काही काळजी करू नका हो, मी आहे ना," असं म्हणता म्हणता त्यांनी जास्वंदीकडे बघितलं आणि आवंढा गिळला. कुमुदिनीबाईंनी तो आवंढा बघितला. ससाणेमास्तर म्हणजे ससा. ते म्हणाले, "मी गवती चहाचं बघेन. अगदी जवळून बघेन." राहता राहिले हत्तीअण्णा. पण अण्णांनी मागच्या उन्हाळ्यात बहिणीच्या झाडांना पाणी घातलं होतं. सोंड भरून, एका दमात. ती झाडं पुढे ओढ्याच्या वळणावर सापडली.

"हसबनीसांना विचारू या का?" त्र्यंबकराव हळूच म्हणाले.

हसबनीस म्हणजे तरस. ओढ्यापलीकडच्या कपारीत एकटे राहायचे. स्वभावानं गरीब, पण त्यांचा एक दोष होता. तरसाचं रडणं आणि तरसाचं हसणं ऐकायला सारखंच लागतं. म्हाताऱ्या लांडग्याच्या शोकसभेत ते ओक्साबोक्शी रडले, आणि सगळ्या जंगलाला वाटलं हसले. तेव्हापासून त्यांना कुणी कुठे बोलवेना. जंगलाच्या ग्रुपवर ते होते. पण जेवणाचा ग्रुप वेगळा होता.

"अहो, पण ते मांस खातात!" कुमुदिनीबाई दचकून म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणतोय," त्र्यंबकराव म्हणाले.

बाईंना पटलं. खरंच की. अख्ख्या जंगलात त्यांच्या मोगऱ्याकडे बघून ज्याच्या तोंडाला पाणी सुटणार नाही, असा तो एकच प्राणी होता.

त्या ओढा ओलांडून कपारीशी गेल्या आणि काय हवं ते सांगितलं. हसबनीस बघतच राहिले.

"माझ्याकडे ठेवणार?" ते म्हणाले. "वहिनी, माझ्याकडे आजवर कुणी वाटीभर साखरसुद्धा मागायला आलं नाही हो." आणि ते मोठमोठ्यानं हसायला लागले. बाई चार पावलं मागे सरकल्या. तेव्हा हसबनीस डोळे पुसत म्हणाले, "घाबरू नका, हे आनंदाचं आहे."

मग सूचना झाल्या. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत झाल्या.

"मोगऱ्याला ऊन हवं, पण दुपारचं नको. जास्वंदीला पाणी हवं, पण पायाशी साचलेलं नको. कढीपत्त्याला सारखं सारखं विचारलेलं आवडत नाही. आणि नेचा मनानं हळवा आहे. त्याच्यासमोर मोठ्यानं बोलू नका."

"हसलं तर चालेल?" हसबनीसांनी विचारलं.

"बेतानं," बाई म्हणाल्या.

काटे नवरा-बायको डोंगरावर गेले. जाताना बाई वळणापर्यंत उलट्या चालत होत्या.

आता गंमत ऐका. हसबनीसांची रात्रपाळी असायची. पहाटे ते थकून परत आले आणि आडवे झाले. जाग आली तेव्हा सूर्य डोक्यावर होता. "अरे देवा, झाडं!" म्हणून ते धावले. अंगणात मडकं होतं, त्यातलं पाणी उन्हानं चांगलंच तापलं होतं. ते त्यांनी घाईघाईत झाडांच्या डोक्यावरून ओतलं. आपण अंघोळ करतो ना, तसं.

दुसऱ्या दिवशी नेच्याची टोकं करपली होती. मोगऱ्यानं बारक्या कळ्या टाकून दिल्या होत्या.

हसबनीस कुंड्यांसमोर बसले आणि रडले. सांबरेकाकूंनी दुरून ऐकलं आणि लगेच ग्रुपवर टाकलं, "काट्यांची झाडं सुकली, आणि हसबनीस बसून हसतायत!" त्याखाली साऱ्या जंगलानं रागावलेली तोंडं टाकली. हत्तीअण्णांनी मात्र चुकून फुगा टाकला.

पण हसबनीसांनी हाय खाल्ली नाही. आपल्यावर कुणीतरी काहीतरी सोपवलंय, या विचारानं त्यांना झोपच येईना. जागंच राहायचं तर ते झाडांकडे बघत राहिले. दिवसभर बघितल्यावर कुणालाही काहीतरी कळतंच, त्यांनाही कळलं. पहाटे कामावरून येताना माती गार असते, दुपारी ती तव्यासारखी असते. मग ते पहाटे येता येताच पाणी घालायला लागले. पानांवर नाही, मुळाशी. अगदी सावकाश, कुंडीच्या तळातून पाझरेपर्यंत. दुसऱ्या पहाटे आधी मातीत नख खुपसून बघायचे. आत ओल असेल तर पाणी नाही.

त्यांनी कुंड्या ढकलत ढकलत ओढ्यापलीकडे, आपल्या दाराशी असलेल्या करंजाच्या सावलीत नेल्या आणि एकमेकींना खेटून ठेवल्या. मातीवर वाळक्या पाल्याचा थर दिला. नेच्याला त्यांनी सरळ आपल्या कपारीत नेलं. तिथे ओली वाळू पसरून त्याला तिच्यावर बसवलं आणि स्वतः त्याच्यासमोर कुजबुजत बोलायला लागले. जेवताना हाडांचा जो चुरा सांडायचा, त्यातला चिमूटभर ते मोगऱ्याला घालायचे. एकट्यानं जेवायचा त्यांना कंटाळा होता, एवढंच त्यामागचं कारण.

झाडांनी काय करावं? ती फुलली. मोगरा तर असा फुलला की ओढ्याच्या अलीकडे उभं राहिलं तरी वास यायचा.

इकडे डोंगरावरून कुमुदिनीबाईंचा रोज फोन यायचा.

"कशी आहेत हो माझी झाडं?"

"एकदम मजेत!" हसबनीस म्हणाले.

"मजेत? माझी आठवण वगैरे काढत असतील ना? जरा रडवेली दिसतात का?"

"छे हो वहिनी! मोगऱ्याला इतक्या कळ्या लागल्यात की पानं दिसत नाहीत."



"मी होते तेव्हा पानं दिसायची," कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

थोड्याच वेळानं पुन्हा फोन वाजला. त्र्यंबकराव एका खडकामागून बोलत होते.

"अहो, काय सांगितलंत तिला? जेवली नाही ती! नात मांडीवर आहे आणि ही म्हणते, माझी आता कुणालाच गरज राहिली नाही."

"पण झाडं खरंच छान आहेत हो," हसबनीस गोंधळून म्हणाले.

"असतील. पण तेवढं सांगू नका. जरा वाईट सांगा."

हसबनीस प्रामाणिक होते. वाईट सांगायचं ठरलं तर तेही त्यांनी मन लावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "वहिनी, जास्वंदीवर कीड पडली. पांढरी, कापसासारखी. आधी शेंड्याला होती, आता खोडापर्यंत आलीय. आणि मोगऱ्याकडे बघतेय."

या वेळी त्र्यंबकरावांचा फोन आला तेव्हा ते धापा टाकत होते.

"हसबनीस! बोचकं बांधलं तिनं! अहो, नात आता कुठे तिला बघून हात हलवायला लागली आहे. आणि ही खाली यायला निघाली! इतकं वाईट नको!"

"मग किती वाईट?"

त्र्यंबकरावांनी विचार केला. मग म्हणाले, "बसल्या जागी काळजी करता येईल, इतपत."

हसबनीसांनी ताबडतोब फोन करून कीड मारली. पुढे मात्र त्यांना अंदाज येत गेला.

"आज जास्वंदीचं एक पान पिवळं पडलं, वहिनी."

"कुठलं हो?"

"तुम्ही सकाळी बसायचात ना, त्या बाजूचं."

"अगंबाई," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. नातीला कुशीत घेऊन झोपल्या. तिचे मऊ मऊ काटे गालाला लावून घेतले. झोपेतच म्हणाल्या, "वाट बघतायत गं माझी तिकडे."

सुट्टी संपत आली. खाली जंगलात आता वेगळीच गोष्ट घडत होती. मोगऱ्याच्या वासानं एकेक प्राणी ओढा ओलांडून हसबनीसांच्या दाराशी यायला लागला होता. ससाणेमास्तर आले. हत्तीअण्णा आले. सांबरेकाकू आल्या, आवंढे गिळत बसल्या आणि जाताना म्हणाल्या, "तुमच्या हाताला गुण आहे हो, हसबनीस." हसबनीसांना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. ते मनातल्या मनात तो दिवस रंगवायला लागले. वहिनी येतील. मोगरा बघतील. काय म्हणतील?

निघायच्या आदल्या दिवशी त्र्यंबकरावांचा फोन आला.

"उद्या संध्याकाळी पोचतो. फुलं किती आहेत?"

"मोजता येत नाहीत," हसबनीस अभिमानानं म्हणाले.

"अरेरे," त्र्यंबकराव म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "हसबनीस, मी किती वर्षांनी घराबाहेर पडलो, माहीत आहे ना तुम्हाला? पुढच्या वर्षी नात धावायला लागेल. आम्हाला पुन्हा इथे यायचंय. पण आपल्यावाचून झाडं इतकी फुलली, हे हिनं बघितलं ना, तर ही जन्मात पुन्हा त्यांच्यापासून हलणार नाही. आणि तुमचं तोंडही बघणार नाही."

फोन ठेवून हसबनीस मोगऱ्यासमोर बसले. त्यांच्या सबंध आयुष्यात त्यांनी एवढी चांगली केलेली हीच एक गोष्ट होती. ती आपल्याच हातानं बिघडवायची? का म्हणून? उद्या वहिनींनी बघू दे. सगळ्या जंगलानं बघू दे.

असं ते बराच वेळ बसले. मग उठले आणि फुलं तोडायला लागले.

ती फुलं त्यांनी घरोघर वाटली. सांबरेकाकूंच्या कानामागे गजरा आला. ससाणेमास्तरांनी दोन्ही कानांना एकेक बांधला. हत्तीअण्णांनी खाऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे हसबनीसांनी झाडांना पाणी घातलं नाही. पाल्याचा थर काढला. कुंड्या ढकलत बाईंच्या दाराशी, भर उन्हात आणून ठेवल्या. नेच्याला तेवढं त्यांनी अर्ध्या सावलीत ठेवलं, त्याच्या बाबतीत त्यांचा जीव धजेना. मग पाण्याचं मडकं पाठीमागे लपवून ते तिथेच उभे राहिले. दुपार चढली तशी जास्वंदीनं मान टाकली. मोगऱ्याची पानं लुळी पडली. हसबनीस सारखे मातीत नख खुपसून बघत होते. फार तर नाही ना झालं?

"माफ करा बाबांनो," ते कुजबुजले. "थोडंच राहिलं. आल्याच त्या."

उन्हं कलली आणि कुमुदिनीबाई आल्या. वळणावरूनच त्यांना झाडं दिसली. त्यांनी हातातलं बोचकं टाकलं.

"अगंबाई गं! काय ही दशा झाली माझ्या लेकरांची!"

मुलांनो, त्या हे ओरडल्या खऱ्या. पण त्यांचं तोंड बघायला हवं होतं. दिवाळीतल्या पणतीसारखं उजळलं होतं! त्या धावत गेल्या, पदर खोचला, पाणी आणलं, कुंड्या सावलीत ओढल्या, एकेका पानावरून हात फिरवला. "आले गं, आले. आता नाही जायची मी कुठे."

त्र्यंबकरावांनी घाबरून हसबनीसांकडे बघितलं.

सकाळ झाली आणि झाडं ताठ उभी होती. मुळात ती दणकटच होती, एका दिवसाच्या तहानेनं त्यांचं काय होणार? पण बाईंनी सगळ्या जंगलाला गोळा केलं.

"बघा! एका रात्रीत! नुसता माझा हात लागला, तर अशी उभी राहिली! झाडांना माया कळते हो."

सांबरेकाकूंना राहवेना. त्यांच्या कानामागे परवाचा गजरा अजून होता. "पण अहो, परवापर्यंत तर हा मोगरा..." एवढं त्या बोलल्या. तेवढ्यात हसबनीस त्यांच्याकडे बघून गोड हसले. सगळे दात दाखवून हसले. सांबरेकाकूंनी उरलेलं वाक्य गवताबरोबर गिळलं.

मग कुमुदिनीबाई हसबनीसांकडे वळल्या.

"भाऊजी, वाईट वाटून घेऊ नका. मन तुमचं चांगलं आहे. पण झाडांतलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही."

"नाही कळत," हसबनीस म्हणाले.

"रोज संध्याकाळी यायचं आमच्याकडे. मी शिकवते. पुढच्या वर्षी नात धावायला लागेल, तेव्हा जावं तर लागणारच. तोवर तुम्ही तयार व्हायला हवं."

त्र्यंबकरावांनी वळून डोळे टिपले.

तेव्हापासून हसबनीस रोज संध्याकाळी काट्यांकडे जायला लागले. कुमुदिनीबाई त्यांना गवती चहा द्यायच्या आणि पाणी पहाटे घालावं, मुळाशी घालावं, असं समजावून सांगायच्या. हसबनीस मान डोलवायचे. शिकवणी संपत आली असं वाटलं, की विचारायचे, "वहिनी, मातीत शेंडा पुरायचा की मूळ?" बाई कपाळावर हात मारायच्या आणि आणखी एक कप चहा ओतायच्या. हळूहळू त्र्यंबकराव पत्ते काढायला लागले. मग ससाणेमास्तर यायला लागले. एकदा सगळे खेळताना हसबनीस खो खो हसत सुटले, तेव्हा कुणी दचकलंसुद्धा नाही. फक्त सांबरेकाकूंनी विचारलं, "यातलं कुठलं हो हे?"

"पत्ते वाईट आलेत," हसबनीस म्हणाले.

पुढचा उन्हाळा आला. काटे नवरा-बायको सगळ्यांच्या आधी डोंगरावर गेले. "अजून कच्चेच आहात, पण घेते चालवून," असं बाई जाताना म्हणाल्या. आणि त्यांची पाठ वळताच हसबनीसांच्या कपारीसमोर ही रांग लागली! जो तो आपापल्या कुंड्या घेऊन आला होता. खरं काय झालं होतं ते एका कुमुदिनीबाई सोडल्या तर कुणापासूनच लपलेलं नव्हतं.

ससाणेमास्तर कानात म्हणाले, "आमच्याकडे परत देताना दोन पिवळी पानं पुरेत. बायको तेवढ्यावर खूश असते."

सांबरेकाकू म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंना धूळ लागते. पाटीभर असू द्या."

शेवटी हत्तीअण्णा आले. त्यांनी कुंड्या खाली ठेवल्या, इकडेतिकडे बघितलं आणि सोंड वाकवून हळूच म्हणाले, "आमच्या आईचं जरा अवघड आहे. तिला परत आल्यावर एखादं झाड गेलेलंच लागतं."

"कुठलं?" हसबनीसांनी विचारलं.

"धाकट्या सुनेनं आणलेलं," अण्णा म्हणाले.

तात्पर्य : दुसऱ्यानं सोपवलेलं काम मनापासून आणि उत्तम करावं. मात्र ते उत्तम झालं आहे, हे त्याला कधीही कळणार नाही, याची त्याहून जास्त काळजी घ्यावी.